दारातला ट्रे

आज पाठीवर थाप पडली नाही. चपला पायांत सरकवून, पिशवी खांद्याला लावून ती दारात थांबली. म्हणजे मुद्दाम थांबली असं नव्हे, पण रोजच्या सवयीने पाठ आपसूक ताठ झाली, आणि मग काहीच झालं नाही. मागे सासूबाई खुर्चीत बसून घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत होत्या. रोज या वेळी त्या हातातलं टाकून उठायच्या, दारापर्यंत यायच्या, आणि "नीघ आता" म्हणून दोन खांद्यांच्या मधोमध सपकन एक थाप द्यायच्या. लाडाची म्हणावी तर जरा जोरातच, आणि रागाची म्हणावी तर हसतमुखाने. आज ती म्हणाली, "निघते, आई." त्या म्हणाल्या, "हं, ये." हात शेंगांतच. शेंगा बाजारातल्याच होत्या. सून प्रयोगशाळेत घेवड्यावर काम करते म्हटल्यावर घरातल्या प्रत्येक शेंगेकडे त्या संशयाने बघायच्या. "तुझ्या त्या औषधं टोचलेल्या तर नाहीत ना?" आज तेही विचारलं नाही. ती जिना उतरली, रस्त्यावर आली, बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली तरी पाठीवरचा तो तळहाताएवढा भाग उघडा पडल्यासारखा वाटत राहिला, घाईत काहीतरी घालायचं राहून गेल्यासारखा.

कारण कालचं होतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. काल सकाळी ती आरशासमोर उभी राहून आजच्या मीटिंगची तालीम करत होती. एका हातात चहाचा कप, तोंडाने "मान्यवर सहकाऱ्यांनो", आणि नेमक्या त्याच वेळी मागून थाप. चहा कपड्यांवर. तिचं डोकंच फिरलं. "आई, सारखं काय हो ते थापटणं? मी काय कणीक आहे?" बोलून गेली आणि आरशातच तिला दिसलं की मागचा हात हवेत तसाच थबकला, मग हळूच मागे गेला. सासूबाई भांडणाऱ्यातल्या. एकाला चार सुनावतील, आणि संध्याकाळी विसरूनही जातील. पण काल नुसतं फडकं आणून दिलं, आणि गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नवऱ्याला सांगितलं तर तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "मला तर लहानपणी दिवसाला दहा बसायच्या. तुझं एकीवरच निभावलं." या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा तिने लग्नानंतर थोड्याच दिवसांत सोडून दिली होती.

बस वळणं घेत होती आणि ती मनातल्या मनात आकृत्या लावत होती. आज दुपारच्या मीटिंगमध्ये संस्थेचे प्रमुख, सर, ठरवणार होते, की संस्थेचा यंदाचा खुला शेततुकडा कुणाला द्यायचा. काचघरात, कुंड्यांमध्ये काहीही उगवून दाखवता येतं. खरी परीक्षा उघड्यावर. गेली कित्येक वर्षं ती त्या एका तुकड्यासाठी झुरत होती. तिचं सगळं काम एका प्रथिनावर होतं. प्रथिनं कामकरी असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण काही प्रथिनं स्वतः काडीचं काम करत नाहीत. पेशीच्या आत, जनुकांच्या दोऱ्यावर ठरलेल्या जागी जाऊन बसतात आणि नुसतं सांगतात, तू ऊठ, तू गप्प बस. त्यांचीही कुळं असतात, थोरली, मधली, चुलत, मावस. सासूबाईंना तिने हे एकदा समजावून सांगितलं होतं. "म्हणजे बघा, आई, हे हलत नाहीत, डुलत नाहीत. एका जागी बसून हुकूम सोडायचे. उठा, पानांची तोंडं मिटा, पाणी जपून वापरा." सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कळलं की. तुझे सासरे." सासरे जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि त्या दोघी भिंतीवरच्या फोटोखाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. घेवड्याच्या त्या भल्यामोठ्या कुळात तिला एक अगदी शेवटचं, कुणी दखल न घेतलेलं प्रथिन सापडलं होतं. एरवी कुठे नसायचं, पण पाणी तुटलं, मुळं कोरडी पडली, की हजर. तिने त्याचं नाव ठेवलं धाकटी. कागदोपत्री अक्षरं आणि आकडे मिळून लांबलचक नाव होतं, पण सगळी प्रयोगशाळा धाकटीच म्हणायची. धाकटी जास्त बनेल अशी घेवड्याची झाडं तिने तयार केली, आणि तिचं म्हणणं एका वाक्यात मावायचं. ज्या झाडात धाकटी जास्त, ते दुष्काळात तग धरतं. शेजारच्या टेबलावर भातावर काम करणारा, ज्याला सगळे भातवाला म्हणत, तो ते वाक्य तिच्याच आवाजात म्हणून दाखवायचा. शेततुकडा त्यालाही हवा होता. तरी त्याने तिला कधी पाण्यात पाहिलं नाही. तेवढा तो भला होता, आणि तेवढाच वात्रट.

काचघरात शिरली की आधी ऊब अंगावर येते, मग ओल्या मातीचा वास. सध्या तो वास नव्हता. पाणी तोडलेलं होतं, सगळ्या काचघराचंच, नळ बंद करून वर चिठ्ठी अडकवलेली. मधल्या लांब टेबलावर डावीकडे धाकटीची रांग, उजवीकडे साध्या घेवड्याची. उजवी रांग मान टाकून बसली होती, पानं लोंबलेली, लग्नघरातून परतलेल्या पाहुण्यांसारखी. डावी उभी. अगदी टवटवीत नव्हे, पण उभी. तिला भरून आलं. रोज यायचं. ती रांगेपाशी गेली, आणि रोजच्यासारखीच प्रत्येक झाडाच्या पानाखालून एक बोट फिरवत, घट्टपणा अजमावत, पुटपुटत शेवटापर्यंत गेली. "कशी आहेस? आणि तू गं?" मोजमाप वरचा कॅमेरा करायचा, दोन्ही रांगांचं सारखंच. हे बोट फिरवणं कुठल्या पद्धतीत बसत नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. ते नुसतं भेटणं होतं. उजव्या रांगेला भेटण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी कोमेजायचं होतं, आणि ती शहाण्यासारखी कोमेजत होती. समाधानाने ती वळली, आणि दाराशी ठेवलेल्या ट्रेकडे तिचं लक्ष गेलं.

तो ट्रे म्हणजे उरलीसुरली रोपं. साधा घेवडाच, उजव्या रांगेचीच भावंडं. पेरणीत जास्त झाली, टेबलावर जागा नव्हती, फेकायला जीव झाला नाही, म्हणून दाराशी एका स्टुलावर ठेवून दिलेली. प्रयोगात त्यांचा हिशेब नव्हता. गेले कितीतरी दिवस तिने त्यांच्याकडे धड पाहिलंही नव्हतं, आणि आज पाहिलं तर ती उभी होती. बुटकी, बुडाशी जाड, गडद हिरवी, आणि ताठ. धाकटीच्या रांगेइतकीच. खरं बोलायचं तर काकणभर जास्तच.

पाणी. कुणीतरी पाणी घातलंय. काचघर सांभाळणाऱ्या मामांना तिने हाक मारली. मामा आले, चष्मा वर सरकवत. "मामा, खरं सांगा, या ट्रेला पाणी कुणी घातलं?" मामांचा चेहरा पडला. "ताई, नळ मी बंद केला, चिठ्ठी मी लावली. आता माझ्यावर आळ?" "आळ नाही हो, विचारतेय." "विचारणं वेगळं असतं, हे वेगळं," मामा म्हणाले आणि फुरंगटून कुंड्या धुवायला निघून गेले. सकाळपासून हे दुसरं रुसलेलं माणूस. तिने ट्रेच्या मातीत बोट खुपसलं, पार खालपर्यंत. माती कोरडी ठणठणीत होती, बोटाला नुसती पूड लागली. मग तिने स्टुलाशेजारचा पत्र्याचा डबा उलटा केला आणि त्यावर बसली. मीटिंगला अजून वेळ होता. आकृत्या तयार होत्या, वाक्य तयार होतं, आणि दारात हा ट्रे त्या वाक्याला वेडावून दाखवत होता.

अशा वेळी माणसाने विचार करावा, पण तिला आठवलं ते भलतंच. माहेरचं घर, खोल्या कमी आणि माणसं उदंड. चुलते, आत्या, त्यांची पोरं, आणि सगळ्यांत शेवटची ती. तिची बसायची जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, कारण आत जागा नसायची आणि बाहेर उजेड नसायचा. येणारा-जाणारा प्रत्येक जण डोक्यावर एक टपली मारून जायचा. काका घाईची, ओझरती. थोरला दादा कडक, बोटाच्या पेराने. आत्या टपली मारता मारता केसांतून हात फिरवायची. अभ्यासात व्यत्यय म्हणून ती चिडायची, रडायची, आईकडे तक्रार करायची, आणि आई म्हणायची, "वाटेत कशाला बसतेस?" आणि स्वतःही एक टपली देऊन जायची. मग वसतिगृह मिळालं. स्वतंत्र खोली, दाराला आतून कडी. पहिल्या रात्री तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता. आणि महिनाभरात ती आजारी पडली. ताप नाही, खोकला नाही, नुसती मलूल. डॉक्टरांनी सगळं तपासून गोळ्या दिल्या त्या शक्तीच्या. खानावळीतल्या मावशीने एकदा पुढे सरक म्हणून दंडाला धरून हलवलं, आणि तिला ताट हातात घेऊन रडू फुटलं. सगळी रांग बघत राहिली. हे ती कधी कुणाला बोलली नव्हती. काय सांगणार? धक्का लागला म्हणून बरं वाटलं?

"ताई आज डब्यावर?" भातवाला आत येत होता, हातात त्याच्या भाताच्या लोंब्यांची पिशवी, तोंडात शीळ. त्याच्या भाताच्या कुंड्या आतल्या बाजूला, आणि तिथे जायला वाट ही एवढीच, दार आणि स्टूल यांच्या मधली. तो तिरका होऊन पुढे सरकला. त्याच्या पांढऱ्या कोटाचा घोळ सगळ्या ट्रेवरून फिरला, रोपं एका बाजूला वाकली आणि परत उभी राहिली. वर जाता जाता त्याने तळहाताने त्यांच्या शेंड्यांवर थप थप केलं, दुकानदार पोत्यावर करतो तसं.

"हे काय केलंस?" ती म्हणाली.

"काय केलं?"

"ते. थप थप."

"हां, ते होय. रोज करतो. बिचारी दारात उभी असतात, कुणी विचारत नाही. आपलं जाता-येता रामराम." त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का गं? चालत नाही?"

ती वाकलेली रोपं परत उभी राहताना बघत होती. तो आत गेला. मग मामा आले, बादली घेऊन, तिच्याकडे न बघता, आणि बादलीची कड रोपांना घासून गेली. मग झाडूवाल्या बाई, मग वीजवाला शिडी घेऊन. ज्याला त्याला त्या फटीतून जायचं होतं. कुणाचा कोपर, कुणाची बाही, कुणाची शिडी. आणि प्रत्येक वेळी रोपं वाकत होती, थरथरत होती, उभी राहत होती. सकाळपासून रात्रीपर्यंत, उगवल्यापासून आजपर्यंत. झाडाला धक्का लागला की ते बुटकं राहतं, खोड जाड करतं, संकट जवळ आलंय अशी आत हाकाटी होते, हे तिने विद्यार्थी असताना वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. प्रथिनांची कुळंच्या कुळं जागी होतात. त्यात धाकटीही जागी होत असेल. रोज थोडी थोडी. मग खरोखरचा दुष्काळ आला तेव्हा या रोपांना ते काही नवीन नव्हतं. ती हसायला लागली. डब्यावर बसून, एकटीच, पोट धरून. इतकी वर्षं ती धाकटीच्या जनुकाला आत ढकलण्यासाठी रक्ताचं पाणी करत होती, आणि इकडे भातवाला जाता-येता रामराम करून तेच काम फुकटात उरकत होता.

हसू मावळलं तेव्हा तिची नजर स्वतःच्या बोटावर गेली. उजव्या हाताचं, पहिलं. ते बोट रोज सकाळी डाव्या रांगेतल्या प्रत्येक पानाखालून फिरत होतं. कशी आहेस, आणि तू गं. उजव्या रांगेला कुणी विचारलं नव्हतं. मग डावी रांग कशामुळे उभी होती, धाकटीमुळे की बोटामुळे? तिला माहीत नव्हतं. आणि आज दुपारी तिला सगळ्यांसमोर उभं राहून माहीत असल्यासारखं बोलायचं होतं.

ट्रे प्रयोगात नव्हता. हे वाक्य तिच्या डोक्यात इतक्या अलगद आलं की तिला ते आपलंच वाटेना. प्रयोगात नव्हता, म्हणजे कुणी विचारणार नाही. कॅमेऱ्यात नाही, कागदावर नाही. उद्या मामा फेकणारच आहेत, ते आज फेकलं. आधी शेत तर मिळू दे, मग पुढच्या वर्षी सावकाश बोटाचं बघू. शेतात कोण बोट फिरवतंय? ती उठली, ट्रे उचलून काखोटीला मारला आणि मागच्या दाराने बाहेर पडली, खताच्या ढिगाकडे. ट्रे अगदी हलका लागला. मातीत थेंबभर ओल नव्हती, आणि तरी चालताना रोपं तिच्या दंडाला घासत होती, खरखरीत, जिवंत. ढिगाशी पोचली. हात पुढे केला. उलटा करायचा एवढंच बाकी होतं, आणि तिला उद्याची सकाळ दिसली. ती डाव्या रांगेपाशी उभी आहे, बोट पुढे झालंय, आणि कशी आहेस हे शब्द घशात अडकलेत. ते तिला जमलं नसतं. बाकी सगळं जमलं असतं, आकृत्या, भाषण, शेत, पण त्या रांगेला तोंड दाखवायला जमलं नसतं. तिला एकदम खूप भूकही लागली. सकाळपासून नीट खाल्लं नव्हतं. ती ट्रे घेऊन मागे फिरली.

दुपारी ती ट्रे घेऊनच मीटिंगच्या खोलीत शिरली तेव्हा भातवाला म्हणाला, "वरात कुठे निघाली?" तिने ट्रे गुळगुळीत टेबलाच्या मधोमध ठेवला. माती सांडली. सरांनी भुवई वर केली. तिने आकृत्या लावल्याच नाहीत. पडदा पांढरा राहिला आणि ती बोलत गेली. उरलेली रोपं, दारातली फट, कोट, बादली, शिडी. मग बोट. बोटाचं सांगताना आवाज जरा हलला, पण तिने सांगितलं, कशी आहेस विचारते तेही सांगितलं. कुणीतरी खुसखुसलं. सर हसले नाहीत.

"म्हणजे तुमची धाकटी खोटी?"

"खोटी नाही, सर. पण ती एकटी पुरते, की तिला कुणीतरी हलवून उठवावं लागतं, हे मला सांगता येत नाही. आज तरी नाही."

"दारातला वारा असेल," भातवाला म्हणाला. "तिथे गार असतं."

"असेल. तेही बघावं लागेल."

"मग शेत?" सरांनी विचारलं.

"यंदा नको, सर." तीनच शब्द, पण ते बाहेर आले तेव्हा तिला वाटलं आपण दाढ उपटून टेबलावर ठेवली. शेत भाताला गेलं. भातवाल्याने आनंद लपवायचा फार प्रयत्न केला आणि त्याला तो जमला नाही. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण तो घाईघाईने म्हणाला, "सर, पण थापटायचं काम मी केलंय. या कामाच्या शोधनिबंधात माझं नाव पहिलं यायला पाहिजे." यावर मात्र सरही हसले. आणि हसता हसता त्यांचा हात पुढे झाला आणि रोपांच्या शेंड्यांवरून फिरला. मग शेजारच्या बाईंचा. मग टेबलाभोवतीचा एकेक हात, आपोआप, कुणाला सांगावं लागलं नाही. ती बघत राहिली. "मागची खोली रिकामी आहे," सर म्हणाले. "ती घ्या. पुढच्या हंगामापर्यंत. दोन्ही रांगा, हात लावलेल्या, न लावलेल्या, वाऱ्यातल्या, सगळं करा. आणि थापटायला एक माणूस नेमा, रोजचा, ठरलेला. तुम्ही नव्हे. तुम्ही भेदभाव करता."

माणूस म्हणजे मामाच. ती त्यांना सांगायला गेली तेव्हा ते अजून कुंड्याच धूत होते. "मामा, चुकलं माझं. पाणी नव्हतंच." "मला माहीतच होतं," मामा म्हणाले. मग कामाचं ऐकून त्यांनी हात पुसले, तळहात उलटसुलट करून पाहिला. "नुसता हात फिरवायचा? आणि याचा पगार?" "तोच." "बघा म्हणजे," मामा कुणालाही न उद्देशून म्हणाले, पण चष्म्याआड त्यांचे डोळे निवळले होते.

घरी परतताना बसमध्ये उभं राहावं लागलं. शेत गेलं होतं, वर्ष गेलं होतं, आणि खरं तर तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटतही होतं, पण ते एका कोपऱ्यात. बाकी ठिकाणी तिला नुसतं उद्या कधी उजाडतंय असं झालं होतं. जिना ती एका दमात चढली. दार उघडंच होतं. सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या, वाट बघत नसल्यासारख्या.

"काय झालं मीटिंगचं?"

"शेत भाताला गेलं."

"अगं बाई. मग आता?"

"आता पहिल्यापासून."

सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं, हिचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेने, कारण ती हसत होती. हसत होती आणि आत येत नव्हती. उंबऱ्यावरच उभी, पाठ त्यांच्याकडे करून, चपलेचा पट्टा सोडवल्याचं सोंग करत. पट्टा केव्हाच सुटला होता.

"दारात काय उभी राहिलीस खांबासारखी?" त्या जवळ येत म्हणाल्या.

"सकाळची राहिली होती, आई."

"मला वाटलं तू कणीक नाहीस."

"थोडी आहे."

"हो पुढे मग," सासूबाई म्हणाल्या, आणि थाप पडली ती चांगली सणसणीत पडली, सकाळची आणि आत्ताची मिळून, आणि ती एका पायात चपलेसह दोन पावलं बाहेर जाऊन हसतच आत आली.